वाचक विचारतात : घरच्यांना घेऊन बोटीवर जाताना

‘आमचे हे बोटीवर असतात’ असं म्हणणाऱ्या घरांमधून उन्हाळ्याच्या सुटीआधी येणारे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. हे सगळं मालवाहू जहाजांबद्दल आहे, पर्यटनाच्या क्रूझबद्दल नाही. दोन्हींतला फरक पहिल्याच उत्तरात कळेल.

प्रश्न : माझे पती केपसाइज बल्क कॅरियरवर (सुट्टा माल नेणारं खूप मोठं जहाज) सेकंड इंजिनिअर आहेत. मला आणि पाच वर्षांच्या मुलाला मे महिन्यात न्यायला कंपनीने होकार दिला आहे. जहाज सिंगापूरला इंधन घेऊन ब्राझीलला लोखंडाचं खनिज भरायला जाणार आहे. कोणते कागद लागतील?
– वाचक, गुहागर

उत्तर : ताई, आधी कॅलेंडर बघा, मग कागद. सिंगापूरहून केप ऑफ गुड होपला वळसा घालून ब्राझीलचं तुबाराओ बंदर जवळजवळ नऊ हजार सागरी मैल पडतं. १४ नॉटने, म्हणजे ताशी १४ सागरी मैलांनी, गेलं तरी २६-२७ दिवस लागतात आणि वाटेत एकही बंदर नाही. पोचल्यावर धक्का मिळेपर्यंत नांगरावर थांबायचं, मग माल भरायचा. मेच्या पहिल्या आठवड्यात चढलात तरी उतरेपर्यंत जून लागणार, आणि आपल्याकडच्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. ब्राझीलला उतरता आलं नाही, तर जहाज माल घेऊन चीनकडे निघेल आणि पुढचे पाच-सहा आठवडे तुम्ही त्यावरच असाल. म्हणून ‘चढायचं कसं’ याच्या आधी ‘उतरायचं कुठे’ हे ठरवा.

आता कागद. मालवाहू जहाजावर तुम्ही प्रवासी नसता आणि पाहुण्याही नसता. तुमचं नाव ‘सुपरन्यूमररी’, म्हणजे जादा माणूस, म्हणून चढतं. १२ पेक्षा जास्त प्रवासी नेणारं जहाज कायद्याने प्रवासी जहाज ठरतं आणि त्याचे नियम वेगळे असतात, म्हणून ही तजवीज. दुसरी मर्यादा जीवरक्षक साधनांची. किती माणसांपुरती साधनं जहाजावर आहेत तो आकडा जहाजाच्या सुरक्षा प्रमाणपत्राबरोबरच्या नोंदीत असतो. तो २५ असेल आणि खलाशी-अधिकारी मिळून २३ असतील, तर जागा दोनच. त्याच फेरीला चीफ इंजिनिअरचंही कुटुंब येणार असेल तर कंपनीचा होकार ऐन वेळी फिरू शकतो. तेव्हा होकार ईमेलवर घ्या, त्यात जहाजाचं नाव आणि दोघांची नावं पासपोर्टप्रमाणे असू द्या.

पतीकडे सीडीसी, म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, आहे. त्या पुस्तकामुळे त्यांना अनेक देशांत खलाशी म्हणून सवलत मिळते, ती तुम्हाला लागू होत नाही. तुमच्यासाठी साधा पासपोर्ट आणि प्रत्येक देशाचा व्हिसा. सिंगापूरला विमानाने उतरून जहाज गाठायचं असेल तर तिथला व्हिसा, ब्राझीलला उतरून घरी यायचं असेल तर ब्राझीलचा, आणि परतीचं विमान युरोपमार्गे असेल तर तिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो का तेही पाहा. अमेरिकेत खलाशांचा सी-१/डी व्हिसा वेगळा, घरच्यांना बी-२ लागतो. ऑस्ट्रेलियाने मात्र सोय केली आहे. तिथला मेरीटाइम क्रू व्हिसा, सबक्लास ९८८, खलाशाच्या जोडीदाराला आणि अवलंबून असलेल्या मुलांनाही मिळतो आणि त्याला फी नाही. तो समुद्रमार्गे येणाऱ्यांपुरताच असतो. विमानाने ऑस्ट्रेलियात उतरून जहाजावर चढायचं असेल तर चालत नाही.

बहुतेकांची गाडी इथेच अडते. जहाज भाडेकराराने चालतं आणि भाडेकरूने हुकूम बदलला की बंदर बदलतं. ब्राझीलला निघालेलं जहाज वाटेत दुसरीकडे वळलं आणि त्या देशाचा व्हिसा नसेल, तर पाय उतार होता येत नाही. फिरायला तर नाहीच, घरी परतायलाही नाही. त्या जहाजाने मागच्या वर्षभरात कुठली बंदरं केली ती यादी पतीकडून मागवा. त्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या देशांपैकी ज्यांचे व्हिसा आधी मिळू शकतात ते घेऊन ठेवा. पासपोर्टची मुदत किमान वर्षभर आणि कोरी पानं सहा-सात असावीत.

ब्राझील पीतज्वराच्या (यलो फीव्हर) देशांत येतं. लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर भारतात परतताना सहा दिवसांपर्यंत विलग ठेवतात. ही लस गावच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रांतच मिळते. मुंबईत सर जे. जे. रुग्णालय किंवा बंदराच्या आरोग्य कार्यालयात चौकशी करा. एका कुपीत अनेक डोस असतात आणि ती फोडल्यावर फार वेळ टिकत नाही, म्हणून केंद्रं ठरावीक दिवशीच लस देतात. गुहागरहून जायच्या आधी वार विचारून घ्या. पासपोर्ट बरोबर न्या, त्याचा नंबर कार्डावर लिहितात. कार्ड दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात, त्यामुळे निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतलेली लस २०१६ पासून आयुष्यभर चालते. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

शेवटचं, विमानतळ. तुमच्याकडे एकेरी तिकीट असणार आणि इमिग्रेशनला ‘परतीचं तिकीट कुठाय?’ हा प्रश्न हमखास येतो. कंपनीचं पत्र, जहाजाच्या सिंगापूरमधल्या एजंटचं हमीपत्र आणि पतीच्या सीडीसीच्या पानांची प्रत यांचे छापील कागद हातातल्या पिशवीत ठेवा. फोनवर दाखवायला गेलात आणि चार्जिंग संपलेलं असलं की खेळ खल्लास.

प्रश्न : जहाज धक्क्याला लागलेलं नसेल तर चढायचं कसं? दोरीच्या शिडीने चढतात असं ऐकलं.
– वाचक, दापोली

उत्तर : ऐकलं ते खरं आहे. सिंगापूरला इंधन घेणारी जहाजं बऱ्याचदा नांगरावरच असतात आणि माणसं लाँचने ये-जा करतात. पाण्यापासून डेकपर्यंतची उंची नऊ मीटरपेक्षा जास्त असेल तर खाली दोरीची पायलट शिडी आणि वर जहाजाचा तिरपा जिना अशी जोडणी लावतात. रिकामं केपसाइज पाण्याबाहेर खूप उंच असतं, त्यामुळे तशा जहाजावर हीच जोडणी येईल. समुद्र शांत असेल तर निव्वळ तिरपा जिना लाँचपर्यंत सोडतात, ते बरं.

दोरीच्या शिडीवर लहान मूल कडेवर किंवा पाठीवर घेऊन चढू नये. ‘होईल हो’ म्हणणारा कुणीही असला तरी नाही. लाँच लाटेवर वर-खाली होते आणि पाय शिडी नि लाँच यांच्यामध्ये सापडतो, बहुतेक अपघात असेच होतात. बरोबर मूल असेल तर धक्क्याला लागलेल्या जहाजावरच चढायचं, हे कंपनीला आधी लिहून कळवा. स्वतः चढायची वेळ आली तर पायांत घट्ट बुटं हवीत, साडी-ओढणी नको, दोन्ही हात मोकळे आणि सामान दोरीने वर जाईल. लाँच लाटेच्या माथ्यावर आली की शिडीवर पाय टाकायचा आणि लगेच तीन-चार पायऱ्या वर जायचं, म्हणजे पुढच्या लाटेला लाँच पायांना लागत नाही. हात बाजूच्या दोरांना, पायऱ्यांना नाही.

प्रश्न : आम्ही मच्छीमार कुटुंबातले. होडीत कधी कुणाला उलटी झाली नाही. मोठ्या जहाजावर तर हलणारच नाही ना?
– वाचक, मालवण

उत्तर : हलतं, आणि होडीत मुरलेल्यांनाही लागतं. होडीत तुम्ही उघड्यावर असता, क्षितिज दिसतं, वारा लागतो. जहाजाच्या बंद केबिनमध्ये कान सांगतात हलतंय आणि डोळे सांगतात भिंत जागच्या जागी आहे. मळमळ त्या भांडणातून येते.

बल्क कॅरियर रिकामं असताना बुडाशी वजनदार आणि वर हलकं असतं, त्यामुळे एका कुशीवरून पटकन झटक्याने सरळ होतं. भरलेलं जहाज सावकाश डुलतं, ते सोसतं. वादळी हवेत रिकाम्या जहाजाच्या एखाद्या ठरावीक हॅचमध्ये, म्हणजे मालाच्या कोठारात, समुद्राचं पाणी भरून ते जड करतात, पण तेवढ्याने झटके पूर्ण जात नाहीत. समोरून लाटा आल्या की नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, उचलून पाण्यावर आपटते, धाड असा आवाज होतो आणि दोनशे नव्वद मीटरचं धूड शेपटापर्यंत थरथरतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी तुटलं. कॅप्टन अशा वेळी वेग कमी करतो किंवा थोडी दिशा बदलतो. जून-जुलैत केपजवळ दक्षिणेचा हिवाळा असतो, आणि अरबी समुद्रात आपला नैर्ऋत्य मोसमी. म्हणजे सुटीचे महिने आणि खवळलेल्या समुद्राचे महिने जवळजवळ एकच.

गोळी उलटी सुरू झाल्यावर घेतली तर पोटात राहत नाही, जहाज मोकळ्या समुद्रात शिरण्याच्या तास-दोन तास आधी घ्यायची. प्रोमेथाझिनच्या गोळ्या बहुतेक जहाजांवर असतात, पण त्यांनी झोप येते. दोन वर्षांखालच्या मुलाला त्या द्यायच्याच नाहीत. मोठ्या मुलांचा डोस निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. रिकामं पोट सर्वांत वाईट. दर दोन तासांनी कोरडं काहीतरी, बटर, कुरमुरे, भाजलेले पोहे. आल्याचा तुकडा किंवा आवळासुपारी तोंडात. चहा कमी. पडून राहायचं तर उताणं, डोळे मिटून, मोबाइल दूर. उठून ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, जायची परवानगी मिळाली तर तिथून क्षितिजाकडे बघा, गोळीइतकाच गुण येतो. दोन-तीन दिवसांत शरीर जुळवून घेतं. मूल चोवीस तास पाणीही ठेवत नसेल तर सेकंड ऑफिसरला सांगा, औषधांचं काम सहसा त्याच्याकडे असतं.

झोपेसाठी एक युक्ती : गादीच्या बाहेरच्या कडेखाली लाइफ जॅकेट किंवा घडी केलेलं ब्लँकेट सारा. गादी भिंतीकडे कलते आणि माणूस खोबणीत बसल्यासारखा पक्का राहतो. टेबलावर ओला टॉवेल पसरला की ताटं सरकत नाहीत. खण आणि कपाटं प्रत्येक वेळी खटक्याने बंद करा. रात्री उघडा राहिलेला एक खण सगळ्या केबिनची झोप उडवतो.

प्रश्न : सासूबाई ‘रामदास’ बोटीचं नाव काढतात आणि लेकराला नेऊ नका म्हणतात. काय सांगू?
– वाचक, देवगड

उत्तर : १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून अधिक माणसं गेली. किनाऱ्यावरच्या त्या पिढीची धास्ती खोटी नाही. ती पावसाळ्यात माणसांनी भरलेली प्रवासी बोट होती, आणि माणसं एका बाजूला धावली की अशी बोट कलते. दीड लाख टनांहून जास्त माल नेणाऱ्या जहाजावर वीस-पंचवीस माणसं कुठेही धावली तरी फरक पडत नाही. सासूबाईंना एवढं सांगा. पुढचा प्रश्न मुलांच्या सुरक्षेचाच आहे, तोही त्यांना वाचून दाखवा.

प्रश्न : जहाजावर मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट असतं का? अलार्म वाजला तर मी काय करायचं?
– वाचक, अलिबाग

उत्तर : आपोआप असतंच असं नाही, विचारावं लागतं. जॅकेटांची मापं वजनावर ठरतात : १५ किलोखाली बाळाचं, १५ ते ४३ किलो मुलाचं, त्यापुढे मोठ्यांचं. उंचीच्या हद्दी १०० आणि १५५ सेंटिमीटर. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खाली निसटतं. म्हणून मुलाचं वजन-उंची कंपनीला आधी कळवा आणि जॅकेट जहाजावर पोचल्याची खात्री करूनच घर सोडा. थंड पाण्यात घालायचा इमर्शन सूटही मोठ्यांच्याच मापाचा असतो, त्याचीही चौकशी याच पत्रात करा.

सात किंवा जास्त छोटे भोंगे आणि मग एक लांब, हा सर्वांनी जमायचा इशारा. लांब भोंगा ऐकेपर्यंत वाट बघायची नाही, उठायचं. इथे एक गोष्ट घरात आधीच बोलून घ्या : त्या वेळी नवरा तुमच्याजवळ येणार नाही. मस्टर लिस्टवर, म्हणजे संकटात कुणी काय करायचं त्या यादीत, त्याचं काम ठरलेलं असतं, आगीची तुकडी म्हणा की इंजिन रूम, आणि तो तिकडे जातो. मुलाला जॅकेट घालून मस्टर स्टेशनला, म्हणजे जमायच्या जागी, नेणं हे तुमचं काम. म्हणून चढलात त्याच दिवशी केबिनपासून तिथपर्यंत दोन वाटा चालून बघा, एक नेहमीची आणि एक जिन्यात धूर भरला तर वापरायची. दुसऱ्यांदा डोळे मिटून, भिंतीला हात लावत चाला. जॅकेट आणि मुलाचे बूट पलंगाशी, कपाटात नाही.

१ जुलै २००६ नंतर बांधलेल्या बल्क कॅरियरवर लाइफबोट शेपटाला असते आणि घसरगुंडीवरून पाण्यात उडी घेते. आत सर्वजण पाठमोरे बसतात आणि पट्टे मोठ्यांच्या मापाचे असतात. मुलाला कुठल्या आसनावर आणि कसं बांधायचं हे सरावाच्या वेळी थर्ड ऑफिसरकडून करून घ्या. प्रत्यक्ष वेळी शिकायला सवड नसते.

खरं सांगायचं तर अलार्मपेक्षा दारं जास्त बोटं चेमटवतात. लोखंडी दार जहाज कललं की आपोआप आपटतं. मुलाला पहिल्या दिवसापासून तीन नियम द्या : दाराच्या चौकटीला हात नाही, उंबरठ्यावरून पाय उचलून, जिन्यात एक हात कायम कठड्याला. डेकवर एकट्याने जाणं नाहीच. मालाची चढउतार चालू असताना तुमच्याबरोबरही नाही.

प्रश्न : खाण्याचं काय न्यावं? सुकट चालेल का?
– वाचक, रत्नागिरी

उत्तर : पालेभाज्या आठ-दहा दिवसांत संपतात, पुढे कोबी, गाजर, बटाटा, कांदा. म्हणून लांबच्या फेरीला कुळथाचं पीठ, मेतकूट, भाजणी, आमसुलं, मालवणी मसाला आणि थोडी तिरफळं न्या, सगळं मिळून तीन-चार किलो पुरे. कोकमाचं आगळ विमानात बाटलीतून गळतं आणि कपड्यांवरचा डाग जात नाही. त्यापेक्षा आमसुलं बरी.

सुकट न्यायची तर दुहेरी सीलबंद, आणि चढल्याबरोबर कुकच्या हवाली. केबिनमध्ये ठेवलीत तर एसीची हवा सगळ्या मजल्यांवर फिरते आणि रात्रीत कॅप्टनपर्यंत वर्दी जाते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला जहाज जाणार असेल तर सुकी मासळी, बिया, मध, घरगुती मसाले लपवायचे नाहीत. अधिकारी विचारतील तेव्हा दाखवायचे. ते सील करतील किंवा नेतील. लपवलेलं सापडलं तर दंडाची वेळ येते.

राइस कुकर, इंडक्शन, पाण्यात बुडवायचा हीटर यांपैकी काहीही केबिनमध्ये चालत नाही. निरांजन आणि उदबत्तीही नाही, छतावरचा धुराचा डिटेक्टर वाजला की सगळं जहाज धावतं. देवापुढे बॅटरीचा दिवा ठेवा. स्वयंपाकघरात काही करायचं असेल तर कुकला विचारून, त्याचं जेवण आटपल्यावर, आणि भांडी स्वतः घासून.

प्रश्न : बंदरात फिरायला किती वेळ मिळतो?
– वाचक, वेंगुर्ला

उत्तर : जग बघायचं असेल तर कंटेनर जहाज निवडू नका. ते बहुधा चोवीस तासांच्या आत निघतं. टँकर दीडेक दिवस, तोही गावापासून दूरच्या जेटीला. धान्य किंवा साखर भरणारी मध्यम बल्क जहाजं बरी. पाऊस आला की माल भिजू नये म्हणून हॅच बंद करतात आणि मुक्काम वाढतो. पाऊस पडावा म्हणून मनातल्या मनात गाऱ्हाणं घालणारी कुटुंबं असतात!

नवऱ्याचा वेळ मात्र धरून चालू नका. इंजिनची दुरुस्ती बंदरातच होते आणि कायद्याने दिवसाला किमान दहा तास विश्रांती त्याला मिळायलाच हवी, तीही फिरण्यात खर्च करून चालत नाही. बऱ्याच बंदरांत खलाशांसाठी मिशन टू सीफेअरर्स किंवा स्टेला मॅरिसची केंद्रं आहेत. त्यांची व्हॅन गेटपासून नेते-आणते, वायफाय असतं, गावाची माहिती मिळते.

उतरताना गँगवेजवळच्या (जहाजावरून धक्क्यावर उतरायचा जिना) फलकावरची परतीची वेळ बघा आणि फलकाचा फोटो काढा. एजंटचा फोन नंबर, जहाजाचं नाव आणि धक्क्याचा क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवा. टर्मिनलच्या आवारात पायी चालायचं नाही, हेल्मेट आणि चमकतं जॅकेट घालून गाडीनेच गेटपर्यंत. परतताना गँगवे सकाळपेक्षा उभा झालेला दिसेल, कारण माल उतरला किंवा भरती आली की जहाज वर येतं. मुलाला पुढे ठेवा, तुम्ही मागे. जहाज सुटलंच, तर थेट एजंटला फोन. स्वतः टॅक्सी करून पुढचं बंदर गाठायच्या फंदात पडू नका, इमिग्रेशनच्या लेखी तुम्ही अजून जहाजावरच असता.

प्रश्न : जहाजावर डॉक्टर असतो का? आणि दिवस राहिले असतील तर जाता येईल का?
– वाचक, श्रीवर्धन

उत्तर : शंभर किंवा अधिक माणसं असतील आणि प्रवास तीन दिवसांहून लांबचा असेल तरच डॉक्टर सक्तीचा. वीस-पंचवीस माणसांच्या मालवाहू जहाजावर तो नसतो. छोटा दवाखाना असतो, औषधांची पेटी असते आणि उपग्रह फोनवरून डॉक्टरी सल्ला मिळतो. रोमचं सीआयआरएम हे केंद्र १९३५ पासून जगभरच्या जहाजांना हा सल्ला विनामूल्य देतं. पण सल्ला म्हणजे ऑपरेशन नव्हे. महासागराच्या मधे हेलिकॉप्टर पोचत नाही आणि जवळचं बंदर आठवड्यावर असू शकतं.

म्हणून दिवस राहिले असतील तर जाऊ नये. बहुतेक कंपन्या चाचणी करूनच परवानगी देतात. दातांची कामं निघण्याआधी उरकून घ्या, समुद्रावर सर्वांत जास्त दातच छळतात. मुलाच्या नेहमीच्या औषधांचा साठा प्रवासाच्या दुप्पट दिवसांचा, चिठ्ठीसह, आणि दोन वेगळ्या पिशव्यांत.

प्रश्न : सुएझमार्गे जाणाऱ्या जहाजावर घरच्यांना नेतात का? आणि अंघोळ-धुण्याला पाणी पुरतं का?
– वाचक, मुरूड

उत्तर : नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक कंपन्यांनी केपचा वळसा धरला. सिंगापूर ते रॉटरडॅम त्यामुळे साडेतीन हजार सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे दहाएक दिवस लांबतं. धोक्याच्या भागात शिरण्याआधी कंपन्या सहसा कुटुंबाला उतरवतात. ते कुठे उतरवणार आणि तिथला व्हिसा तुमच्याकडे आहे का, हे आधी विचारा.

पाणी जहाजावरच तयार होतं. इंजिनच्या गरम पाण्याच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी कमी दाबाखाली उकळून गोडं करतात, दिवसाला वीस-तीस टन. पण किनाऱ्याजवळचं पाणी घाण असल्यामुळे तिथे हे यंत्र बंद ठेवतात, आणि नांगरावर आठवडा गेला की टाकी उतरते. धुणं मोकळ्या समुद्रात असतानाच उरकून घ्या. वॉशिंग मशीन असतं, ते इंजिन रूममधल्या कामाच्या तेलकट कपड्यांचं वेगळं आणि घरच्या कपड्यांचं वेगळं. चुकून पहिल्यात टाकलेला पांढरा फ्रॉक पुन्हा पांढरा होत नाही.